आवडाबाई भरतीची वाट बघते

आवडाबाईच्या तोंडाला लागायची हिंमत अख्ख्या कोलशेतच्या कोळीवाड्यात कुणाची नव्हती. बाजारात घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाईकाला ती असं काही सुनवायची, की ते मुकाट्याने मासळी घेऊन निघायचं. अशी ही बाई विमानात बसून इंग्लंडला सुनेकडे आली आणि दोन दिवस तोंडातून चकार शब्द काढला नाही. तिसऱ्या सकाळी दक्षताला म्हणाली, "चल गो, माजा दिपेश जिथं गेला तिथं मला ने."

दिपेश तिचा एकुलता एक. खाडीत पोहायला शिकलेला, इंजिनीअर होऊन इकडे आलेला. जानेवारीत नदीला पूर होता, कुणाचं तरी कुत्रं बुडताना दिसलं आणि हा वेडा उतरला पाण्यात! कुत्रं आपलं आपण बाहेर आलं. दिपेश आला नाही. पोलिसांनी खूप शोधलं, मग सोडून दिलं. आता मार्च संपत आला होता.

नदीकाठची पायवाट मोठी छान होती, मेली. पिवळी फुलं काय, चरणाऱ्या गाई काय, हसून 'मॉर्निंग' म्हणणारी माणसं काय! आवडाबाईने कशाकडेही पाहिलं नाही. दक्षताने जागा दाखवली, तशी तिने एक काटकी उचलली, पाण्याच्या कडेला चिखलात रोवली आणि तिथेच बसकण मारली.

"आई, थंडी आहे. निघूया ना?"

"थांब गो. भरती लागू दे."

दक्षताच्या पोटात गोळा आला. सासरे, परशुराम, होडीवरून पडून बुडाले तेव्हा आवडाबाई अशीच धक्क्यावर बसली होती. दुसऱ्या दिवशीच्या भरतीला खाडीने नवरा तिच्यासमोर आणून ठेवला. तिने त्याचं तोंड पुसलं, डोळे भरून बघितलं, मग त्याला नेऊ दिलं. खाडी नेते, पण परत आणून देते, हे तिला पक्कं ठाऊक. लेकाचं तोंडही तसंच एकदा बघायचं, एवढ्यासाठी ती आली होती.

तिला सांगायचं कसं? दक्षता स्वतःच दर रविवारी इथे येऊन उभी राहायची.

दुपार कलली. पाणी काटकीपाशी होतं तिथेच होतं. "काय मेली नदी हाय! वर चढायचं नावच नाय."

"आई," दक्षताला रडू फुटलं, "ह्या नदीला भरती नाही. समुद्र खूप लांब आहे. इथलं पाणी नुसतं पुढे जातं. मागे येत नाही."

आवडाबाई बघतच राहिली. मग तिने त्या नदीचा असा उद्धार केला, की वाटेवरची दोन माणसं थबकली. शिव्या देता देता आवाज फाटला आणि ती ऊर बडवून रडली. कितीतरी वेळाने तोंड पुसून उठली आणि पाणी जात होतं त्या दिशेने चालू लागली.

एक गाव मागे पडलं, मग दुसरं. वळण आलं की ती थांबायची, वाकून झाडांच्या मुळाशी बघायची, पुन्हा चालायची. उन्हं उतरली. दक्षताच्या टाचांना फोड आले. शेवटी तिने सासूचा दंड धरला.

"आई, पुरे हो! अजून किती चालणार? तो नाही सापडायचा आता."

"ठाऊक हाय गो मला," आवडाबाई म्हणाली. "पन माजं पोर एवढ्या लांब एकटंच गेलं. थोडी तरी सोबत करू दे त्याला."