गार्डमामांची बिस्किटं

गार्डमामा बिस्किट कानाशी धरून मोडत. खटकन आवाज आला तर ती खेप डब्यात, मऊ आला तर परत निखाऱ्यांवर. मोडलेले तुकडे ते नाकाशी नेत, डोळे मिटून हुंगत आणि गाईच्या आंबोणात टाकत. तोंडात घालत नसत. नैवेद्याआधी चाखायचं नाही ही रीत आमच्याकडेही होती. पण या बिस्किटांचा नैवेद्य कुणालाच दाखवायचा नव्हता.

त्यांचं नाव भुजंगराव. कुंभकोणमला आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. आजोबा तंजावरच्या राजवाड्यात दप्तरदार होते. राज्य खालसा झालं, दप्तर बंद पडलं, आणि नातवाने रेल्वेची शिट्टी गळ्यात अडकवली. मायावरम-तंजावर गाडीवर त्यांनी सारी नोकरी गार्ड म्हणून काढली. बरोबर तांब्याचा तांब्या आणि दहीभाताचा डबा. वाटेत कुणाच्या हातचं काही घेतलं नाही, याचा त्यांना अभिमान होता. आता मामाही नाहीत आणि ज्यांच्यासाठी ते बिस्किटं भाजत तेही नाहीत, म्हणून हे लिहायला हरकत नाही.

गाडीचा ड्रायव्हर डिक्रूझ, बाप गोरा आणि आई इथली. त्याची बायको मेबल दर नाताळला घरी चॉकलेटची बिस्किटं भाजे आणि एक डबा गार्डच्या डब्यात पोचवे. मामा तो दोन्ही हातांनी घेत. दोघे निवृत्त झाले आणि वर्षभरात मेबलबाई वारली. तिला इथल्याच चर्चच्या आवारात पुरलं. ड्रायव्हर मग गाव सोडून गेलाच नाही. स्टेशनमागच्या कौलारू घरात एकटा राहू लागला.

मार्गळी महिना, म्हणजे धनुर्मास, लागला होता. पहाटे दारोदारी रांगोळ्या, देवळात पोंगलच्या खिचडीचा प्रसाद. अशा एका सकाळी मामा आमच्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"अंबू, तूं मिशनच्या शाळेंत शिकलीस. चाकलेटाचें बिस्किट कसें करतात?"

"तुम्हांस कशाला तें, मामा?"

"ड्रायवर म्हणतो, यंदा नाताळ नाहीं. चर्चांतही जाणार नाहीं म्हणतो. खुर्ची भिंतीकडे फिरवून बसला आहे. इंजिनांत कोळसाच नाहीं, असें जालें. डबा पोंचला तर हलेल."

मी सामान सांगितलं: मैदा, साखर, लोणी, कोको. अंड्याचं नाव काढलं नाही, कारण ते दोन्ही घरांत शक्य नव्हतं. लोणी चोळपुरमच्या ताकवालीकडून घ्या म्हटलं. कोकोचा डबा मामांनी तंजावरहून मागवला.

दोन दिवसांनी भिंतीपलीकडून मामींची हाक आली. जाऊन पाहते तर मामांनी कोको कॉफीच्या पितळी फिल्टरमध्ये दाबून भरला होता, वर उकळतं पाणी ओतलं होतं, आणि पहाटेपासून खालच्या भांड्याकडे पाहत बसले होते. थेंब उतरला नव्हता. आमच्या गावात काळपट पूड दिसली की माणसाचा हात फिल्टरकडेच जातो.

"डिकॉक्शन पडेना, अंबू," मामा म्हणाले.

"कॉफी गेली, फिल्टर गेला," मामी म्हणाल्या. "आतां राहिलें काय तें डोकें. आणि हा कोको म्हणजे पान, मूळ कीं साल? कुणास ठाऊक नाहीं. ठाऊक नाहीं तें या घरांत कोणी तोंडांत घालायचें नाहीं, सांगून ठेवतें."

फिल्टर मी मोकळा केला. मग लोणी-साखर पांढरी होईपर्यंत कशी फेसायची, पूड मैद्यात कशी चाळायची, हे उभी राहून दाखवलं. भट्टी मामांनी स्वतः रचली. जाड बुडाच्या पातेल्यात कावेरीची वाळू, वाळूवर ताट, वर झाकण आणि झाकणावर निखारे. घड्याळ हातात धरून ते भट्टीपुढे उभे राहत. मी मध्येच झाकण उचलायला गेले की म्हणत, "सिग्नल पडेना तंवर हात लावूं नये."

पहिला डबा घेऊन ते गेले आणि तसेच परत आले. ड्रायव्हरने एक खाल्लं होतं. म्हणाला होता, काहीतरी कमी आहे. दुसऱ्या खेपेला मामांनी वेलदोडा घातला. ड्रायव्हर म्हणाला, "राव, हे पायसम आहे." तिसरी खेप जास्त भाजली. ती तर त्याने दाराजवळच्या कुत्र्याला घातली.

"अहो, मग काय कमी तें त्यांनाच विचारा कीं," मी म्हटलं.

"विचारलें. तो म्हणतो, तूंच सांग. मेबल तुला डबाभर द्यायची, मला मोजून द्यायची. तिच्या हातचें माझ्यापेक्षां तूंच जास्त खाल्लेंस."

"मग सांगा."

मामांनी भिंतीपलीकडे मामी नाहीत हे पाहून घेतलं. "काय सांगूं? डबा मायावरमच्या फाटकवाल्याकडे जायचा. दरसाल. बाई विचारायची, आवडलीं? मी म्हणें, फार छान."

मी व्यवहाराचं बोलले. अंडं नाही, लोणी ओळखीचं, हात तुमचा, भट्टी तुमची. एक खाऊन पाहिलंत तर काय बिघडेल?

"ती होती तेम्हां खाल्लें नाहीं," मामा म्हणाले. "आतां ती नाहीं, तर कोणत्या तोंडानें खाऊं?" आणि निखारे विझवायला गेले.

नाताळच्या आदल्या दिवशी चौथा डबा तयार झाला. "तूंही चल, अंबू," मामा म्हणाले. "ड्रायवरानें खोदून विचारलें तर सांभाळून घे." मी गेले. ड्रायव्हर खरोखरच भिंतीकडे तोंड करून बसला होता. दोघे आपसांत रेल्वेची तमिळ बोलत; मी ते मराठीत देते.

ड्रायव्हरने बिस्किट खाल्लं. "कमीच आहे. आणू नकोस आता."

"काय कमी तेवढं सांग."

"तुला ठाऊक नाही? इतकी वर्षं काय खात होतास?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी दाराजवळच्या कुत्र्याकडे पाहिलं. मग त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि फाटकवाल्याचं सगळं सांगितलं, एका दमात, साहेबापुढे अपघाताची हकिगत द्यावी तसं.

ड्रायव्हरने खुर्ची आमच्याकडे फिरवली. रागावला असता तर बरं झालं असतं.

"तुझा डबा ती वेगळा करायची," तो म्हणाला. "अंडी फोडायच्या आधी. भांडं चिंचेने घासून. मी हात लावला तर ओरडायची, ते रावचं आहे, विटाळू नकोस. मी म्हणायचो, गार्ड आहे तो, बिशप नाही."

मामा टोपीचा काठ चाचपू लागले.

"म्हणजे बिनअंड्याचं मलाही मिळालं नाही आणि तूही खाल्लं नाहीस." ड्रायव्हरने डब्यातलं एक बिस्किट काढून पुढे केलं. "हे घे. खा. नाहीतर उठ आणि पुन्हा येऊ नकोस."

मामांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. "आज एकादशी आहे."

"जा, राव."

"उद्या पारणं. सूर्य उगवला की येतो."

"तुझ्याकडे नेहमी काहीतरी असतं," असं म्हणून ड्रायव्हरने खुर्ची पुन्हा भिंतीकडे वळवली. मामा सकाळी खरंच जातील असं मलाही वाटलं नव्हतं.

सकाळी मामींची हाक आली. "अंबू, पारण्याला अगस्त्याच्या पाल्याची भाजी केली, आवळा वाटला, आणि हा माणूस उपाशी निघाला! मागें जा ग बाई. कालपासून पोटांत कांहीं नाहीं, रस्त्यांत पडायचा."

मी पोचले तेव्हा मामा त्या घराच्या ओट्यावर मांडी घालून बसले होते. गंध लावलेलं, शेजारी तांब्या. ड्रायव्हर दारात उभा होता, दाढी वाढलेली, सदरा चुरगळलेला. मामांनी आचमन केलं, डब्यातलं बिस्किट उचललं. सवयीने कानाकडे नेलं, मग थांबून अख्खं तोंडात घातलं.

ते बराच वेळ चावत होते. तांब्यातलं पाणी प्यायले.

"कसं आहे?" ड्रायव्हरने विचारलं.

"खरं सांगू?"

"आता तरी सांग."

"मीठ कमी आहे," मामा म्हणाले.

माझ्या तेव्हा ध्यानात आलं. मेबलबाई डबाबंद विलायती लोणी वापरत असणार, आणि त्यात मीठ असतं. ताकवालीच्या लोण्यात ते कुठून येणार?

ड्रायव्हरने एक उचलून तोंडात टाकलं. चावता चावता थांबला, मान हलवली आणि आत गेला. आतून पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आला तेव्हा अंगात काळा कोट होता आणि हातात दाढीचं भांडं.

"चर्च सुटलं की तुझ्याकडे येतो," तो म्हणाला. "निखारे तयार ठेव."