विहिरीत उतरणारी जगदेवी

लातूर जिल्हा नवा झाला, त्यानंतरच्या दुष्काळातली गोष्ट. उदगीरहून मुखेडला जाताना लागणाऱ्या आमच्या गावाला टँकर अजून सुरू झाला नव्हता. विहिरीला पायऱ्या नव्हत्या आणि तळाशी एक झरा तेवढा पाझरायचा. कुणीतरी खाली उतरून वाटीवाटीनं घागर भरायची, वरच्यांनी ती ओढून घ्यायची. अंगानं सगळ्यांत हलकी धोंडप्पाची बायको जगदेवी, म्हणून ती उतरायची.

कमरेला मोटेचा नाडा, म्हणजे जाड दोर, बांधायची आणि पाय दगडाला टेकवत, मागं झुकून खाली जायची. वर नाडा धोंडप्पाच्या हातात. दुसऱ्या कुणाला तो धरू देत नसे.

चैत्रातल्या एका सकाळी ती अर्ध्यात असताना नाडा एकदम सैल सुटला. ती पुरुषभर खाली घसरली, खांदा सोलला, आणि हिसका बसून लोंबकळत राहिली.

"काय झालं हो?"

उत्तर धाकट्या दिरानं, संगप्पानं दिलं. "मी धरलोय वैनी. वर या."

वर येऊन बघते तर धोंडप्पा कठड्याशी पडलेला. छातीत कळ आली आणि गेला. नाड्याचा वेढा मात्र त्याच्या मनगटाला तसाच आवळलेला होता. त्या वेढ्यानंच ती वाचली होती. जगदेवीनं खाली बसून तो वेढा सोडवला.

"आंघोळ घालाया पानी लागंल," शेजारची म्हातारी गुरम्मा हळूच बोलली. घरातल्या घागरी पालथ्या होत्या.

जगदेवीनं नाडा पुन्हा कमरेला बांधला.

"वैनी, तुमी नगं."

"मग कोन उतरतंय?"

संगप्पानं मान खाली घालून नाडा धरला. तिनं घागर भरून वर पाठवली. आंघोळ घालून, लिंगायतांच्या रीतीनं विभूती लावून बसवलेल्या नवऱ्याकडं ती परक्या माणसाकडं बघावं तशी बघत राहिली. डोळ्यांत टिपूस नाही.

लिंगायतात सुतक पाळत नाहीत. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा उतरली.

"भ्या वाटत न्हाई का गं?" गुरम्मानं विचारलं.

"कायच वाटत न्हाई."

वैशाखात टँकर आला. गर्दीत नीलाबाईचा धक्का लागला आणि जगदेवीची भरलेली घागर कलंडली. तिनं नीलाबाईचा दंड धरला. "माझं पानी सांडलीस! माझं पानी!" ओरडता ओरडता आवाज फुटला, आणि ती तिथंच चिखलात बसून हमसून हमसून रडायला लागली.

नीलाबाईनं आपली घागर तिच्या घरी नेऊन रांजणात ओतली आणि पुन्हा रांगेत शेवटी जाऊन उभी राहिली.