दंतेवाड्याच्या रस्त्यावरचं झाड

जगदलपूरच्या गोल बाजारात मोहाच्या फुलांचा वास आला आणि मला लहानपणीची ती बस आठवली. दंतेश्वरीचं दर्शन घेऊन परतताना आईला अवेळी कळा सुरू झाल्या. पुढे मोहाच्या जंगलात कुणीतरी रस्त्यावर झाड आडवं पाडलेलं. झाडाखाली नक्षलवाद्यांनी सुरुंग पेरला असेल, म्हणून कोणी उतरेना.

बाबा उठले. आई कण्हत म्हणाली, "काहून जाता? मले भेव लागते."

"पोरी, आईपाशी खाली बस. वर पाहू नको," बाबा मला म्हणाले.

त्यांनी एकट्यानं खोड हलवलं. काही झालं नाही. मग सगळे धावले. भाऊ जगदलपुरात सुखरूप जन्मला.

मला वाटलं होतं, बाबांनी आईला सांभाळायला खाली बसवलं. आज कळतं, त्यांचं मरण मला दिसू नये म्हणून.