विमल सिस्टरची गाडी

गाडीचा डिझेल फिल्टर बदलला की जुना कुणीही भंगारात टाकतो. विमल सिस्टर तो आधी करवतीने कापून बघायच्या. रात्रभर निथळत ठेवलेला तो पत्र्याचा डबा ओट्यावर वर्तमानपत्रावर घ्यायचा, कडेकडेने कापायचा आणि आतला काळा पडलेला कागद घडीघडीने उलगडायचा. मग मला हाक यायची, "बघ गं, हा चिखल हिच्या पोटात होता."

सरावलीत त्या आमच्या शेजारी राहायला आल्या त्या निवृत्त होऊन. सगळी नोकरी तलासरीकडच्या पाड्यांवर नर्स म्हणून गेलेली. यजमान नव्हते, मुलगी वापीला दिलेली. सोबतीला एक जुनी डिझेल गाडी. आमची ओळखही त्या गाडीपाशीच झाली. साडीचा पदर खोचून बोनेटमध्ये वाकलेल्या या बाई मला म्हणाल्या, "जरा हा पंप दाबत राहा. बोटाला घट्ट लागला की हवा निघाली समज." मी दाबत राहिले. त्यांनी नव्या फिल्टरची रबरी रिंग डिझेलने ओली करून आधीच बसवलेली होती. गाडी सुरू केली आणि कुठे थेंब गळतोय का, ते जोडांवरून बोट फिरवून पाहिलं. मगच हात धुतले.

गॅरेज हाकेच्या अंतरावर होतं. "त्याला का देत नाही?" असं मी विचारलं तर म्हणाल्या, "तो चांगलंच करेल गं. पण मला डोळ्यांनी बघायचं असतं." गाडीने जरा आचका दिला तरी त्या थांबवून बोनेट उघडत. "गाडी आधी सांगते, आपणच ऐकत नाही," हे त्यांच्या तोंडी नेहमीचं.

एका दुपारी चहा घेताना मी सहज म्हटलं, "सिस्टर, त्या चिखलात तुम्ही शोधता काय?" त्यांनी कप खाली ठेवला.

त्या नोकरीत असताना डोंगरातल्या एका पाड्यावर जानकी नावाची बाई अडली होती. पहिलंच बाळंतपण. गावातली भाड्याची जीप दोन-तीन दिवस आचके देत होती. ड्रायव्हर आधीच म्हणाला होता, "सिस्टर, फिल्टर चोक झालाय, बाजाराच्या दिवशी बदलतो." सिस्टर "बरं" म्हणाल्या होत्या. जानकीला घेऊन निघाले आणि चढावर जीप बंद पडली. ती पुन्हा सुरू झालीच नाही. बाळ जीपमध्येच झालं, पण रडलं नाही. सिस्टर त्याला तोंडाने श्वास देत राहिल्या. दुसरी गाडी आली तोवर सगळं संपलं होतं. जानकी तेवढी वाचली.

"मी 'बरं' म्हणाले," सिस्टर म्हणाल्या. "'आत्ता बदल' असं म्हणायला काय झालं होतं मला?"

"नंतर भेटलात तिला?"

"कुठल्या तोंडाने? मी बदली मागून घेतली."

जानकीकडे जायचं मात्र त्यांच्या मनात सतत असे. गाडी तयार करून त्या निघतही. तलासरीच्या बाजारापर्यंत जात आणि भाजी घेऊन परत येत. शेवटी एका सकाळी मीच दार उघडून शेजारच्या सीटवर बसले. "चला, आज मी येते." त्यांनी गाडी सुरू केली. या वेळी त्यांनी बाजार मागे टाकला.

पाड्यावर जानकीचा नवरा रमण अंगणात काठ्यांचा कूड बांधत होता. त्याने सिस्टरांना लगेच ओळखलं, बाज टाकली, पाणी आणलं. सिस्टरांनी जानकीची चौकशी केली तर तो म्हणाला, "ती गेली ना बाय. गेल्या साली तापाने गेली."

सिस्टरांनी हातातला तांब्या खाली ठेवला. तोच पुढे म्हणाला, "तुमची याद काढायची. म्हणायची, बाय माझ्यावर रागावली."

"मी? कशाला रागावू?"

"गाडीत कळा आल्या तवा ती तुमच्या हाताला चावली ना. रगत आलं होतं. म्हणायची, मी बायला चावले म्हणून बाय परत आली नाय. मला सांगायची, तू जा, माफी मागून ये. पण तुमची बदली कुठं झाली ते आमाला कळलंच नाय."

परतताना आशागड मागे पडलं. मग त्यांनी गाडी कडेला घेतली आणि दोन्ही हात पालथे करून बघत राहिल्या. कुठेही वण नव्हता.

"मला आठवतसुद्धा नाही गं ती चावल्याचं," म्हणाल्या आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना प्रथमच पाहत होते.

पुढे त्यांची तब्येत ढासळली आणि मुलगी त्यांना वापीला घेऊन गेली. तिथेच त्या वारल्या. इथून निघायच्या दिवशी मुलगी सामान ठेवत होती, तेव्हा त्यांनी मला खिडकीशी बोलावलं.

"कुणाकडे जायचं मनात असलं ना, तर जाऊन येत जा," त्या म्हणाल्या. "समोरचं माणूस काय म्हणेल, ते त्याला म्हणू दे. मी घरी बसून मनातल्या मनात जानकीच्या वतीनेही बोलत राहिले."