कुसुमच्या नावापाशी

फोन वाजला तेव्हा मी प्रार्थनेला बसले होते. प्रार्थनेत मी फोन घेत नाही, हे माझ्या मुलाला, भावंडांना, दूधवाल्यालासुद्धा ठाऊक आहे. तो वाजून वाजून थांबला आणि मी माझ्या क्रमाने पुढे गेले. क्रम ठरलेला असतो... आधी आजारी माणसं, मग चर्चची मंडळी आणि पाळक, मग मुलगा-सून, मग नातवंडं नोएल आणि रूथ, म्हणजे तुम्ही दोघं, आणि सगळ्यांत शेवटी कुसुम. शेवटी अशासाठी, की तिच्यापाशी वेळ लागतो. त्या दिवशीही लागला. आमेन म्हणून उठले, चष्मा लावला, पाहिलं तर फोन प्रज्ञाचा, कुसुमच्या मुलीचा. उलट फोन केला. "मावशी, आई गेली," ती म्हणाली. "पहाटे गेली. मघाशी लावला होता, पण तुमची प्रार्थना चालू असंल म्हणून परत न्हाई लावला." मी होते तिथेच बसले. लगेच रडू आलं नाही. मनात आलं ते एवढंच, की मी तिच्यासाठी मागत होते तेव्हा ती गेलेली होती.

याचं मला इतकं का वाटावं, हे आमच्या मंडळीबाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. आमच्याकडे मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत. जिवंत माणसासाठी रात्रंदिवस मागा, पण श्वास थांबला की मागणं संपलं, पुढचं देवाच्या हाती. माझ्या आईने मला हे लहानपणी लातूरच्या आमच्या घरात शिकवलं आणि मी ते कधी मोडलं नाही. वडील गेले, तुमचे आजोबा गेले, दुसऱ्या दिवशीच्या प्रार्थनेत मी त्यांची नावं घेतली नाहीत, आभार तेवढे मानले. आणि कुसुमचं नाव मात्र नकळत घेऊन बसले.

ही बातमी तुम्हाला कळवली त्या रविवारी रूथने व्हिडिओ कॉलवर विचारलं, "आजी, कुसुमआजी हेवनमध्ये गेली ना?"  तुमचा बाबा सुधीर मागून हळूच म्हणाला, "आई, हो म्हणून टाक ना. लहान आहे ती."  नेटवर्क गेल्यासारखं मी पडद्याकडे बघत राहिले आणि मग रूथनेच विषय बदलला, पडलेला दात दाखवला. त्या गोष्टीला आता काही आठवडे झाले. रूथ, तुझा प्रश्न मी विसरलेले नाही. उत्तर द्यायचं तर कुसुम कोण होती ते आधी सांगावं लागेल.

आम्ही लातूर सोडून नांदेडला आलो, या कॉलनीत घर घेतलं, तेव्हा माझी इथल्या मुलींच्या शाळेत इंग्रजीची नोकरी नुकतीच सुरू झाली होती. समोरच्या देशमुखकाकू माहूरला जाऊन आल्या होत्या. माहूरला देवीचा प्रसाद म्हणून तांबूल देतात, पान कुटून केलेला, त्याचा वास दुरूनही येतो. काकू मोठ्या मनाच्या बाई. कॉलनीतल्या सगळ्या बायकांना अंगणात बोलावून त्या हातावर तांबूल ठेवत होत्या. माझी पाळी आली आणि मी हात जोडले. मूर्तीपुढे ठेवलेलं आम्ही खात नाही. हे सांगण्याची मला सवय होती, पण नव्या ठिकाणी पहिल्याच आठवड्यात सांगायचं म्हणजे जड जातं. काकूंचा हात तसाच पुढे. "घ्या हो बाई, देव काय, सगळा एकच!" तेवढ्यात माझ्या शेजारी उभी असलेली एक उंच, सावळी बाई म्हणाली, "काकू, मला बी नको." बाकीच्या बायका आमच्या दोघींकडे बघत राहिल्या. परतताना फाटकापाशी ती मला म्हणाली, "तुमचं काय कारण?" मी म्हटलं, "मी ख्रिस्ती आहे. तुमचं?" "मी बौद्ध." मग म्हणाली, "वास मात्र लई चांगला होता, न्हाई?" आम्ही दोघी रस्त्यात उभ्या राहून हसलो. ती कुसुम, पाटबंधारे खात्यात कारकून होती. एकाच प्रसादाला नाही म्हणून आमची ओळख झाली.

लोकांना वाटायचं, दोन धर्मांच्या दोघी, किती समजूतदार. खरं तर आमच्याइतकं भांडणारं कॉलनीत कुणी नव्हतं. रविवारी मी चर्चहून आले की ती हजर. "काय सांगितलं आज पाळकांनी?" मग उपदेशाची उलटतपासणी. देव एकच आणि त्याच्यापर्यंत जायची वाट एकच, आणि ती वाट म्हणजे येशू, हे मी तिला पहिल्या वर्षीच सांगितलं होतं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमच्यात तर जायला देवच न्हाई. मग तुझी एवढी चांगली वाट मी कुठं न्यावी?" मी चिडायचे. तीही चिडायची. एकदा तर आठवडाभर आली नाही, आणि आली ती थेट स्वयंपाकघरात, "चहा ठेव, भांडण बाकी हाय."

पण एक गोष्ट तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होती. माझ्या शाळेतल्या शिकलेल्या बाया मला म्हणायच्या, अहो, सगळे रस्ते शेवटी एकाच ठिकाणी जातात, तुम्ही इतक्या शिकलेल्या आणि असं काय मानता? हे मी कुसुमला सांगितलं, तेव्हा ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "आमचं गाव हिमायतनगरकडचं. आम्ही धम्म घेतला तेव्हा माझ्या आजीनं घरातले देव टोपलीत घालून पैनगंगेला सोडले. तिच्या सासूनं दिलेले देव. म्हातारी रडत होती, पण सोडले. सगळे रस्ते सारखेच असते, तर ती कशाला रडली असती गं? त्याच रस्त्यानं वेशीबाहेर बसली असती गपचूप." मग सोललेले दाणे माझ्या ताटात लोटत म्हणाली, "सगळं एकच म्हणणाऱ्याला कधी काही सोडावं लागलेलं नसतं." माझे पणजोबा ख्रिस्ती झाले ते लातूरकडच्या एका गावात, तेही वेशीबाहेरच्याच वस्तीतून. कुसुम म्हणायची, "आपण दोघी निघालो एकाच आळीतून. एष्ट्या तेवढ्या वेगळ्या धरल्या."

मी तिच्यासाठी रोज प्रार्थना करते, हे तिला कळलं ते अपघातानेच. सकाळी फिरून येताना ती माझ्या पोर्चमधल्या वेताच्या खुर्चीत टेकायची आणि खिडकी उघडी असायची. एके दिवशी मी आमेन म्हटल्यावर बाहेरून आवाज आला, "माझं नाव घेतलंस का काय?" मी बाहेर आले. खोटं बोलणं शक्य नव्हतं. "काय मागतेस माझ्यासाठी?" मी सांगितलं, तुला वाट दिसावी म्हणून. तिचा चेहरा उतरला. "म्हणजे मी हाय तशी तुला पटत न्हाई?" मी म्हटलं, "पटतेस म्हणूनच मागते. न पटणाऱ्यांसाठी मी एवढा वेळ घालवत नाही." ती बराच वेळ चपलेने फरशीवरचं पान इकडून तिकडे सरकवत राहिली. मला वाटलं, ही आता उठून जाणार आणि परत येणार नाही. मग म्हणाली, "मला बी तुझ्यासाठी काहीतरी मागायला पायजे. पण मागू कुणाला? आमच्यात कुणीच न्हाई वर." आणि हसायला लागली. पुढे तिनेच तोड काढली. मी आत प्रार्थना करत असताना ती बाहेर डोळे मिटून माझं मंगल चिंतायची, आणि माझं आटोपलं की ओरडायची, "आलं का माझं नाव?" "आलं." "मग चहा ठेव." वर्षानुवर्षं आमची सकाळ अशी उजाडली.

या मैत्रीत मी दोन्हीकडून एकटी पडत गेले, हेही सांगायला हवं. कॉलनीत मी हट्टी ठरले, आणि मंडळीत माझ्याकडे जरा दयेने बघत. एका पाळकांनी तर विचारलंच, "बाई, इतकी वर्षं शेजार, आणि एक आत्मा जिंकता आला नाही तुम्हाला?" मी काय सांगणार? मी कुसुमपासून काही लपवलं नव्हतं, सौम्य करून सांगितलं नव्हतं. तिने सगळं ऐकलं आणि नाही म्हणाली. तुमचे आजोबा गेले तेव्हा दफनभूमीत मूठभर माती टाकायला तीच माझा हात धरून पुढे आली. घरी आल्यावर कुणी कुणी मला पुनर्जन्माच्या, आत्म्याच्या गोष्टी सांगून समजावत होतं. ती एवढंच म्हणाली, "तुमच्यात परत भेटतात ना? मग तू तुझं धरून राहा. या लोकांचं ऐकू नको."

गेल्या हिवाळ्यात तिचं दुखणं वाढलं. दवाखान्यात मी दुपारी जायचे, प्रज्ञा तेवढ्यात घरी जाऊन आंघोळ उरकायची. एका दुपारी कुसुमने डोळे उघडले आणि स्पष्ट विचारलं, "बाई, खरं सांग. तुझ्या म्हणण्याप्रमाणं मी आता कुठं जाणार?"

माझ्या जिभेवर काय आलं होतं ते मला चांगलं आठवतं. 'सगळं एकच असतं गं', एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. शेजारच्या खाटेवरच्या बाईची मुलगी आमच्याकडे बघत होती, तिलाही ते बरं वाटलं असतं. मी कुसुमचा हात धरला. "वाट एकच आहे, असं मी मानते, कुसुम. आजही मानते. पण त्या वाटेवर तो कुणाला कधी, कुठे गाठतो, हे मला ठाऊक नाही. तुझं काय होईल, मला ठाऊक नाही... मला भीती वाटते." ती मग ओठांच्या कडेने हसली. "बरं झालं. तू बी सगळं एकच म्हणली असतीस, तर मी हितंच मेले असते." थोड्या वेळाने, डोळे मिटूनच, "नाव घेऊन राहिलीस ना रोज?" "हाव," मी म्हटलं. मराठीच्या बाबतीत ती मला नेहमी पुस्तकी म्हणून चिडवायची. त्या दिवशी मी 'हो' न म्हणता तिच्यासारखं हाव म्हटलं. "घे मग. माझं काय जातंय," ती म्हणाली. त्यानंतर आमचं असं बोलणं झालं नाही.

ती गेल्यावर तिच्या घरी गेले तेव्हा सगळे उभे राहून त्रिशरण-पंचशील म्हणत होते. मी मागे भिंतीशी हात जोडून उभी राहिले, ओठ मिटून. तिच्या कुठल्याशा नातेवाईकाने वळून पाहिलं, खूण केली, म्हणा की. माझ्या मैत्रिणीसाठी चार शब्द उच्चारायला मला काय झालं होतं? पण ते माझे शब्द नव्हते आणि खोटे म्हटलेले तिला चालले नसते. तेवढ्यात प्रज्ञा त्यांच्यापाशी गेली आणि म्हणाली, "मामा, राहू द्या. आईनं सांगून ठेवलंय, मावशींना कुणी काही म्हणायला लावू नका म्हणून." त्या क्षणी मात्र मला रडू आवरलं नाही. जाताना तिने माझ्या गप्प राहण्याचीही सोय करून ठेवली होती.

मागच्या आठवड्यात देशमुखकाकू मुलाच्या गाडीतून माहूरला जाऊन आल्या. आता त्याही थकल्या आहेत, पण प्रसाद घरोघर स्वतःच देतात. सवयीने त्यांनी तांबूल माझ्यापुढे धरला आणि लगेच हात मागे घेतला. "अगं बाई, विसरलेच! तुमचा पक्ष वेगळा." मग म्हणाल्या, "आता कोण राहिलं हो तुमच्या पक्षात?" त्यांनी गमतीने विचारलं होतं. मी म्हटलं, "मी एकटीच."  त्या गेल्यावर तो वास बराच वेळ पोर्चमध्ये रेंगाळत होता. 'लई चांगला, न्हाई?' असं विचारायला शेजारी कुणी नव्हतं.

तर रूथ, तुझा प्रश्न. बाबा म्हणतो तसं हो म्हणून टाकणं मला जमत नाही. तसं म्हटलं तर ज्यावर मी जन्मभर उभी राहिले ते मीच खोटं केलं असं होईल, आणि कुसुम सगळ्यांत आधी मला हसेल. नाही म्हणणंही जमत नाही, तो निवाडा माझ्याकडे दिलेला नाही. मला जे ठाऊक आहे तेवढंच सांगते. मी अजूनही सकाळी त्याच क्रमाने बसते. आजारी माणसं, मंडळी, तुझे आईबाबा, नोएल, तू. आणि मग तिच्या नावापाशी येते. नियम मोडायचा नाही म्हणून नाव घेत नाही, पण पुढेही जात नाही. तिला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ गप्प बसते. खिडकी उघडी असते. बाहेर वेताची खुर्ची आहे, प्रज्ञा म्हणाली तरी मी ती आत घेतलेली नाही.

आणि ती शेवटची सकाळ. ती गेली होती आणि मला ठाऊक नव्हतं, पण ज्याच्याकडे मी मागत होते त्याला ठाऊक होतं. त्याने मला थांबवलं नाही. पूर्ण मागू दिलं, आमेनपर्यंत. ते मागणं चुकून गेलं म्हणून परत घ्यावं का, असं पहिले काही दिवस माझ्या मनात यायचं... मी ते परत घेतलेलं नाही.