घट, गिरणी आणि घरघर

आमच्या कळंबच्या घरावर बांबूला ताणलेली तार बघून लोक मला विचारतात, "सर, कपडे एवढ्या वर कशाला वाळवता?" अरे, अँटेना आहे ती! हॅम रेडिओची. रीतसर लायसन्स काढून घरच्या सेटवरून लांबलांबच्या हौशी माणसांशी गप्पा मारायच्या, असला माझा नाद. तो लावला शाळेतल्या गुरुजींनी. ते आता तामलवाडीला मुलाकडं असतात.

त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. सात महिने त्यांचा सेट बंद. फोन कानाला लावला की नुसते गप्प. आणि नवरात्रात, तिसऱ्या माळेला, मुलाचा फोन आला. "अण्णानं खुणा करकरून सेट मांडून घेतलाय. रविवारी सकाळी सातला बोलणार म्हणं. आमाला तर त्यांचं कायबी कळंना. तुमी तेवढं ऐका."

मी जागच्या जागी उडी मारली! या वयात! आणि धावत जाऊन सेट लावला तर काय, घर्रर्र घर्रर्र. कुणीतरी आत बसून हरभरे भरडतंय जणू. चांगली दणदणीत स्टेशनं त्यात बुडाली होती, तिथं गुरुजींचा एवढासा सेट कुठला ऐकू येतोय? परवापर्यंत सगळं स्वच्छ होतं. डोकंच फिरलं माझं.

पहिला नियम, आधी आपलं घर तपासायचं. मी आयटीआयला वायरमनचा ट्रेड शिकवतो, मला कुणी सांगायची गरज नाही. मेन स्विच पाडला, सेट बॅटरीवर घेतला. घरघर तशीच! म्हटलं, सुटलो. चोर बाहेरचा आहे.

मग जुना ट्रान्झिस्टर काढला. तो हातात आडवा धरून फिरवत गेलं की एका दिशेला आवाज बारीक होतो. त्या रेघेवर चोर. नवरात्राचा नेम म्हणून पायात चप्पल नाही, हातात ट्रान्झिस्टर, डोळे मिटलेले, असा मी गल्लीत गोल गोल फिरतोय. एक म्हातारबाबा आले, माझ्या हातावर नारळ ठेवला आणि म्हणाले, "आमच्या वावरातबी चला. बोअरला पाणी कुठं लागंल बघा." पाणाड्या समजले मला! नको नको म्हणेपर्यंत मागं दोघं आणखी उभे.

रेघ गेली थेट समोरच्या पिठाच्या गिरणीत. गिरणीवाले काका आमचे वीस वर्षांचे शेजारी. पण मी तणतणतच शिरलो. "काका, तुमची मोटर घाण करतीय!"

काकांनी शांतपणे गिरणी बंद केली. हातातल्या ट्रान्झिस्टरची घरघर चालूच.

"आता?" काका म्हणाले.

"तुमचंच काहीतरी आहे. माझं घर असणं शक्यच न्हाय. थांबा, दाखवतो." तरातरा घरी जाऊन मेन पुन्हा पाडला आणि दारातून ओरडलो, "बघा! अख्खं घर बंद!"

मागोमाग आलेल्या काकांनी हातातलं पीठ झटकलं, माझ्या खांद्यावरून आत बघितलं. "व्हय का? मग देवघरात ते काय जळतंय?"

घटाजवळ दिवा मजेत तेवत होता. विजेचा!

आता सांगतो. नवरात्रात अखंड दिवा विझू द्यायचा नाही. बायको नर्स, तिच्या ड्युट्या उलटसुलट. तेल कोण बघणार? म्हणून मीच अक्कल पाजळून विजेचा दिवा आणला. लाईट गेली तरी देवीआई अंधारात नको, म्हणून त्याला इन्व्हर्टरवरून वेगळी लाईन मीच ओढली. मेन पडला काय, न पडला काय, त्याचा अडाप्टर घरघरतच राहणार! रेघ गिरणीकडं जाते तशी मागं माझ्या घराकडंही जाते, हे वायरमनच्या मास्तराला सुचलं नाही. लाजेनं मेलो. काका गिरणीच्या ओट्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले.

"दिवा बंद करू?" मी बायकोला भीत भीत विचारलं.

"खबरदार! घट उठेपर्यंत विझायचा नाही. मी तेव्हाच म्हणत होते, तेलाचा लावा." मग तिनंच समई लावली, हात जोडले आणि म्हणाली, "काढा आता तुमचं खेळणं. आणि तेल तुम्ही घालायचं."

पिन उपटली. सेटमधून नुसती मऊ खरखर. मी देवघरातच दोन गिरक्या घेतल्या.

रविवारी सात वाजता तेलाची बुधली मांडीवर घेऊन बसलो. आला! बारीक, अडखळत, पण तोच आवाज. चाळीस वर्षं गोंगाटातून शब्द वेचायची सवय माझ्या कानाला; एकेक अक्षर लागत गेलं.

"घरच्यांना... कळत न्हाय. तुला... कळतंय?"

"शब्द न् शब्द कळतोय, गुरुजी!"

मोठा श्वास ऐकू आला. "मग सांग त्यांना. सात महिने... मऊ खिचडी. बास झालं. पिठलं पाहिजे."

मी बटण दाबून, त्यांच्या घरभर ऐकू जाईल असं, ठणठणीत आवाजात सांगितलं, "गुरुजी म्हणतेत, खिचडी बास! पिठलं करा!"

पलीकडं गुरुजींनी बटण दाबलं ते सोडलंच नाही. ते दाबलेलं असेपर्यंत तिकडचं सगळं इकडं ऐकू येतं. आधी मुलाचं हसू ऐकू आलं, मग सुनेचं रडू आणि मग चुलीकडं भांडी काढल्याचा आवाज.