चारचं दुखणं

माझ्या लग्नानंतरची, साठ सालच्या आसपासची ही गोष्ट. रोज दुपारी चार वाजले की ह्यांचा उजवा डोळा, फक्त उजवाच, वाहायला लागायचा. मग तासभर हे त्या बाजूचं डोकं दाबून खोलीत येरझारा घालायचे. वर्ष झालं तरी खंड नव्हता. हातची मास्तरकी जायची वेळ आली होती.

शेवटी मामंजींनी अकोल्याचा एक डॉक्टर शोधला. अमरावतीहून आम्ही तिघं गेलो. डोक्याच्या मागे, कवटीच्या खालून एक नस निघते, तिच्याजवळ कॉर्टिझोनचं इंजेक्शन देऊन पाहू, असं डॉक्टर म्हणाले. कुणाला लागू पडतं, कुणाला नाही. उद्या चार वाजता कळेल. तेवढ्या जागेचे केस मात्र काढून या. दवाखान्यासमोरच्या न्हाव्याला अर्धवट काम करवेना. त्याने ह्यांचा तुळतुळीत गोटाच केला. मला भारी राग आला.

इंजेक्शन झालं. दुसऱ्या दिवशी साडेतीनला परतलो. मामंजी स्टँडवर संत्र्यांचा भाव करत रेंगाळले आणि आम्ही दोघं घरी आलो. माझं सगळं लक्ष घड्याळाकडे. गल्लीचं लक्ष वेगळीकडेच होतं: दवाखान्यात तिघं गेले, दोघंच आले, आणि मुलाच्या डोक्यावर केस नाहीत.

बघता बघता ओटा भरला. शेजारच्या काकू माझ्या गळ्यात पडून रडायला लागल्या. सुतकाच्या घरी चूल पेटायची नाही म्हणून कुणी पिठलं-भाकरी आणून ठेवली. हे सांगायला तोंड उघडायचे, की चारजण पाठीवर हात फिरवून त्यांना गप्प करायचे.

तेवढ्यात संत्र्यांची पिशवी घेऊन मामंजी आले. गर्दी बघून त्यांनी टोपी काढली आणि हळूच विचारलं, "कोन गेलं बा?"

काकू डोळे पुसत म्हणाल्या, "तुमीच जी."

मामंजींनी पिठल्याकडे पाहिलं आणि मांडी घातली. "मंग जेवू तं द्या मले."

सगळा ओटा हसायला लागला. मी दारातून घड्याळ पाहिलं, चार वाजून दहा मिनिटं. वळून ह्यांच्याकडे पाहिलं तर उजव्या डोळ्यातून धार लागलेली. तशीच गर्दीतून वाट काढत जवळ गेले. हे पोट धरून हसत होते, आणि डावा डोळाही वाहत होता.